नाकाडीचा चौथा कंप्रेसर

“ज्या माणसाने बत्तीस वर्षांत एकोणीस हजार चारशे फुकटे प्रवासी नुसत्या मानेच्या कलावरून ओळखले, त्याच्यापुढे एक कंप्रेसर किती वेळ तोंड मिटून बसेल?”

हा प्रश्न ओमप्रकाश गावंडे यांनी स्वतःलाच विचारला होता. उत्तरही त्यांनीच दिलं. “फार तर शनिवारपर्यंत.”

ओमप्रकाश एस.टी.च्या मार्ग तपासणी पथकातून निवृत्त झाले, पण तपासणी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. अमरावतीतल्या घराच्या फाटकावर त्यांनी पाटी लावली होती: ‘ओमप्रकाश गावंडे, खाजगी गुप्तहेर. वेळ अकरा ते एक. दुपारी बेल वाजवू नये.’ दोन वर्षांत सात प्रकरणं हातात आली. पाच आपोआप सुटली. एक ज्याचं होतं त्याने रागाने परत नेलं. सातवं शेजारणीच्या हरवलेल्या मांजराचं, ते खुद्द मांजराने तीनदा सोडवलं.

या सगळ्यात त्यांचा सहायक होता शेखर, त्यांचा साडू. शेखरचं स्टेशनरीचं दुकान होतं, जवळ स्कूटर होती, आणि ‘नाही’ म्हणायची सवय नव्हती. सहायक व्हायला एवढं पुरतं. प्रत्येक प्रकरणाला तो दुकानातली एक कोरी वही काढी आणि पानावर मधोमध उभी रेघ मारी. डावीकडे ‘साडभाऊंचा तर्क’, उजवीकडे ‘निघालं काय’. डावी बाजू त्याच दिवशी भरून जाई. उजवी बाजू भरायला दुसऱ्याच कोणाची तरी वाट पाहावी लागे.

बुधवारी सकाळी, कचेरी उघडायच्या पंधरा मिनिटं आधी, अंजनगाव सुर्जीचे खुशालराव होले फाटकात उभे राहिले. साठीचे, काटक, अंगाला मोगऱ्याचा वास. बगलेत फुलांची टोपली, आणि टोपलीत केळीच्या पानावर नीट निजवलेला एक काळा, तेलकट लोखंडी गोळा.

“हे काय?” ओमप्रकाशांनी विचारलं.

“कंप्रेसर हाय साहेब. एसीचा. मेला.”

“केव्हा?”

“परवा. म्हैसांगच्या अलीकडं.”

“त्या वेळी जवळ कोण होतं?”

“मी अन् मोगरा.”

“मोगरा म्हणजे? पूर्ण नाव?”

“फूल साहेब,” खुशालराव म्हणाले. शेखरने मान खाली घालून वहीत रेघ मारली.

गोष्ट अशी होती. होलेंचा फुलांचा मळा, आणि मळ्याइतकाच जुना त्यांचा ट्रक. खुशालरावांच्या वडिलांनी घेतलेला, लांब नाकाचा, हिरवा. घरात त्याला ‘नाकाडी’ म्हणत आणि बाईमाणसासारखं वागवत. पाच वर्षांपूर्वी खुशालरावांच्या मुलाने, शिवमने, मोडीत निघालेल्या एका बसचा एसी आणून नाकाडीच्या केबिनला बसवून घेतला. हा गारवा माणसांसाठी नव्हता. केबिनमध्ये फळ्या ठोकून टोपल्या बसत. गजरे, गुलाब, नवरानवरीचे हार. खुशालराव मे महिन्यात कानाला मफलर गुंडाळून ट्रक चालवत, आणि बाकीची माणसं मागे ताडपत्रीखाली भाजत येत. यात होलेंच्या घरी कोणाला काही वावगं वाटत नसे. माणसाला पाणी मारलं की तो पुन्हा उभा राहतो. मोगऱ्याने एकदा मान टाकली की संपलं.

पाच उन्हाळे निभले. या मार्चात बसबरोबर आलेला पहिला कंप्रेसर गेला. एप्रिलमध्ये नवा बसवला, तो बारा दिवसांत गेला. त्यानंतरचा नऊ दिवसांत. दोन लग्नांत फुलं सुकून उतरली. एका नवरीने नवऱ्याच्या गळ्यात हार घातला तेव्हा पाहुण्यांना वाटलं, मेथीची जुडी आहे.

“येत्या शनिवारी अकोल्याले गोरज मुहूर्ताचं लग्न हाय,” खुशालराव म्हणाले. “शिवमनं सांगून ठेवलं, या खेपेले फुलं सुकली तं रविवारी नाकाडी गेली. नांदगाव पेठेजवळ एक ढाबेवाला हाय, तो क्रेन घेऊन येते म्हणते. दारात उभी करीन, बोनेटवर कुंड्या ठेवीन, लोकं पुढं उभे राहून फोटो काढतीन.” ते थांबले. “चाकं काढून विटा लावतीन साहेब तिले.”

त्यांनी टोपली मांडीवर ओढून घेतली.

“मले फक्त येवढं सांगा,” खुशालराव म्हणाले, “चौथा कोणता घेऊ? भरवशाचा कोणता?”

ओमप्रकाश उठून खिडकीशी गेले. प्रकरण चालू झालं की ते पुस्तकी मराठी बोलत. वऱ्हाडी बाहेर येई ती भूक लागली किंवा तोंडघशी पडले की.

“खुशालराव, तुम्ही खरेदीसाठी आलेले नाहीत. तुम्ही न्यायासाठी आलेले आहात. एका उन्हाळ्यात तीन मृत्यू हा योगायोग नसतो. हा खून आहे.”

“बरं,” खुशालराव म्हणाले. “पण घेऊ कोणता?”

गुरुवारी तिघं अकोल्याला पोचले. नाकाडी सागर एसीवाल्याच्या गॅरेजपुढे बोनेट वर करून उभी होती. सागर तिशीचा, कमी बोलणारा. बडीशेप चघळता चघळता त्याने एका फळीवर तीन कंप्रेसर ओळीने मांडले. एक कुरिअरने आलेला, खोक्यातला, चकचकीत. दुसरा अपघातात गेलेल्या मोटारीतून काढलेला, दिसायला बरा. तिसरा कुठल्यातरी बसचा, जुना, पण सागरने स्वतः उघडून नव्याने बांधलेला. आकाराने ढोबळा, रंगाने मातकट, आणि मध्ये ठोकल्याची खूण.

ओमप्रकाशांनी आधी फळीकडे पाहिलंच नाही. त्यांनी सागरकडे पाहिलं.

“शेखर, लिही. दर मृत्यूनंतर एकाच माणसाची मजुरी सुरू होते.”

“मजुरी?” सागरने बडीशेप थांबवली. “मागं दुसरा बसवला त्याची अर्धी घेतली. तिसऱ्याची घेतलीच नाही. बाबाच्या तोंडाकडं पाहवत नाही ना. विचारा त्याईले.”

खुशालरावांनी मान हलवली. शेखरने उजवा रकाना भरला. तपास सुरू होऊन चार मिनिटं झाली होती.

मग ओमप्रकाश फळीपुढे उकिडवे बसले आणि चकचकीत कंप्रेसरच्या डोळ्यांत पाहू लागले. कंप्रेसरला डोळे नव्हते, पण त्याने त्यांचं अडलं नाही.

“कुठून बसलास?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं. “कुठे उतरणार?”

त्याचं पट्ट्याचं चाक हाताने फिरवून त्यांनी कान लावला. वास घेतला. दुसऱ्याला खाली ठेवून अचानक पाठ फिरवली आणि झटकन वळून पाहिलं. बत्तीस वर्षं या युक्तीने माणसं पकडली होती. तिसऱ्याकडे त्यांनी ओझरतं पाहिलं आणि नाक मुरडलं.

“हा पहिला,” ते उभे राहत म्हणाले. “चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही.”

“साहेब, त्याले अजून काही करायची संधीच नाही भेटली,” सागर म्हणाला नाही, पुटपुटला. मग मोठ्याने सांगितलं, “त्याची बैठक येगळी, पट्टा येगळा. त्याले नवीन ब्रॅकेट लागते. चार दिवस लागतीन. लग्न परवा हाय.”

“मग दुसरा.”

“तो मोटारीतला. बारा व्होल्टचा. हे गाडी चोवीसची. त्याची कॉइल दर्यापूरच्या आत जळीन.”

“म्हणजे अर्ध्या तिकिटावर पूर्ण प्रवास!” ओमप्रकाश गरजले. “मला संशय आलाच होता.”

एवढ्यात खुशालराव पुढे झाले. बाजारात फुलकोबी घेताना माणूस घेतो तसा त्यांनी एकेक कंप्रेसर दोन्ही हातांत उचलून जोखला. पहिला ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा उचलला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला.

“हा भरलेला हाय,” ते म्हणाले.

सागर पहिल्यांदा हसला. “बाबाचा हात बरोबर हाय. पन्नास मानसं थंड करत होता हा, तुमच्या टोपल्या म्हणजे याले खेळ. चोवीसचाच हाय, तुमच्या जुन्या बैठकीवर बसते. बेअरिंग नवे, सील नवे, तेल जे पाहिजे तेच टाकलं. पण वारंटी नाही देत.”

“काहून?” खुशालरावांचा चेहरा पडला.

“मेलेले तिन्ही मी उघडून पायले. मार्चातला पहिला म्हातारा होऊन गेला, त्याचं काही नाही. पण मागचे दोन तरणेताठे होते. माल चांगला होता. दाबानं मेले.”

“दाब!” ओमप्रकाश ताडकन वळले. “कोणाचा? आमदारांचा?”

“गॅसचा,” सागर म्हणाला.

शेखर वही पडली म्हणून खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“बाबा,” सागर खुशालरावांना म्हणाला, “तुमी एकामागून एक जावई बदलून राहिले. घरात काय चालू हाय ते कोणी पाहूनच नाही राहिलं. इथं माझ्याजवळ गाडी येते तवा सगळं ठीक राहते. रस्त्यात काय होते ते मले कसं दिसणार? या खेपेले एक स्विच टाकून देतो. दाब चढला तं कंप्रेसर आपोआप बंद पडीन, मरणार नाही; उतरला का पुन्हा चालू होईन. पण फुलं गरम होतीन तं त्याले मी काही करू नाही शकत.”

ऊन उतरल्यावर नाकाडी अंजनगावला परत निघाली. केबिन गारेगार. कंप्रेसरने एकदाही तक्रार केली नाही.

शुक्रवारी ओमप्रकाशांनी होलेंच्या अंगणात चौकशी भरवली. चौकशीला शिवम होता, कारण आता संशय त्याच्यावर होता. खुशालरावांची बायको वच्छलाबाईही होत्या, पण त्या कळ्या निवडत होत्या आणि त्यांना ही चौकशी आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. अंगणात जिकडेतिकडे ओली पोती. टोपल्यांवर, रांजणावर, ताकाच्या कळशीवरसुद्धा.

“शिवम,” ओमप्रकाश म्हणाले, “नाकाडी विकली जावी असं या घरात एकाच व्यक्तीला वाटतं.”

“हो,” शिवम म्हणाला. “मले.”

एवढ्या पटकन कबुली मिळाल्याने ओमप्रकाशांची पुढची चार वाक्यं वाया गेली.

“पण तुमी मले एक सांगा काका, मारायचाच असता तं मी तो एसी बसवला काहून असता? रातभर मीच तारा जोडत होतो. मी विकायचं म्हणतो ते सगळ्याईपुढं म्हणतो. मागच्या खेपेले बंद पडला तं बाबा म्हैसांगजवळ तीन घंटे उन्हात बसून राहिले. मोगऱ्याले वारा घालत. चक्कर येऊन पडले. कोण्या मोटारसायकलवाल्यानं मले फोन केला. तुमाले सांगितलं का त्याईनं?”

खुशालराव रांजणावरचं पोतं सारखं करू लागले. ते सारखंच होतं.

“नाही सांगितलं,” वच्छलाबाई कळ्यांकडे बघतच म्हणाल्या. “मलेही नाही सांगितलं. फुलं कशी सुकली तेवढं सांगितलं.”

ओमप्रकाशांनी घसा खाकरला. मग जेवायला काय आहे ते विचारलं. प्रकरण तात्पुरतं स्थगित झालं.

तिसरी भाकरी संपता संपता त्यांचा हात हवेत थांबला.

“खुशालराव, दोन्ही तरुण कंप्रेसर अकोल्याला जाताना मेले ना?”

“हो.”

“परत येताना एकदाही नाही?”

खुशालरावांनी विचार केला. “नाही. येताना कधीच नाही.”

शेखर वही घेऊन पुढे सरकला. साडभाऊ बरोबर असण्याच्या इतके जवळ पूर्वी कधी गेले नव्हते. शिवमही पुढे सरकला. वच्छलाबाईंची बोटं थांबली.

“म्हणजे उघड आहे,” ओमप्रकाश म्हणाले. “अकोला इथून दक्षिणेला. दोष दक्षिण दिशेचा.”

वच्छलाबाईंनी पुन्हा कळ्या निवडायला घेतल्या.

शनिवारी अकराला नाकाडी भरून तयार झाली. पहाटे तोडलेल्या कळ्या, चारशे गजरे, आणि दोन मोठे हार. त्यातल्या नवरदेवाच्या हाराची गाठ अजून व्हायची होती. ती पार्बताबाई रस्त्यात करणार होत्या. पार्बताबाई सत्तरीच्या. होलेंच्या मळ्यात त्या खुशालराव लहान असल्यापासून हार ओवत होत्या आणि अजूनही त्यांना तेवढेच लहान समजत.

“गुप्तहेर केबिनमध्ये बसेल,” ओमप्रकाशांनी जाहीर केलं.

“जागा नाही साहेब,” खुशालराव म्हणाले. “तिथं हार बसले.”

त्यामुळे गुप्तहेर, सहायक आणि पार्बताबाई मागे ताडपत्रीखाली बसले. खुशालरावांनी शेवटची फेरी मारली. टोपल्यांवर ओलं पोतं, पाण्याच्या कॅनवर ओलं पोतं, नाकाडीच्या नाकावर ओलं पोतं, स्वतःच्या डोक्यावर ओला दुपट्टा. वच्छलाबाईंनी केबिनच्या दारातून एक पाण्याची बाटली आत दिली.

“मोगऱ्याले नका पाजू ही,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “तुमी प्या.”

शिवम मोटारसायकलवर आधीच पुढे गेला होता. मंगल कार्यालयाच्या दारात फुलं उतरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होता. ढाबेवाल्याचा नंबर त्याच्या खिशातल्या फोनमध्ये होता.

दर्यापूरला नाकाडी थांबली. केबिन गार होती. “साहेब, उतरलेच तं नाकावर दोन लोटे मारा जरा,” खुशालरावांनी खिडकीतून सांगितलं. ओमप्रकाशांनी लोटा घेतला आणि नाकावरच्या पोत्यावर पाणी ओतता ओतता शेखरला बजावलं, “गुन्हेगार नेहमी आपल्या नजरेसमोर असतो. फक्त पाहणारा डोळा हवा.” पाणी बेताने, सगळीकडे सारखं पसरवून, त्यांनी दुसराही लोटा ओतला.

दर्यापूर सोडून पंधरा किलोमीटर झाले असतील. रस्ता तव्यासारखा. अचानक केबिनमधून पत्र्यावर तीन थापा पडल्या आणि नाकाडी एका कडुलिंबाखाली जाऊन थांबली. इंजिन चालूच होतं. नाकाडी एकदा बंद केली की ढकलल्याशिवाय उठत नसे.

“बंद पडला,” खुशालराव खाली उतरत म्हणाले. त्यांचा आवाज सपाट होता. “गरम वारा येऊन राहिला.”

शेखर केबिनमध्ये डोकावला. मोगरा अजून हसत होता, पण पाहुणे गेल्यावर यजमान हसतो तसा. अर्धा तास, फार तर पाऊण.

“सागरचा स्विच,” शेखर म्हणाला. “दाब चढला असेल. मेला नाही अजून.”

“दक्षिण!” ओमप्रकाशांनी खिशातून होकायंत्र काढलं. ते शेखरच्याच दुकानातल्या कंपासपेटीबरोबर फुकट मिळणारं होतं. “बघा, काटा. आपण बरोबर दक्षिणेला तोंड करून उभे आहोत. खुशालराव, ट्रक पूर्वेला वळवा.”

“अन् मंग अकोल्याले कसं जावावं?”

“ते नंतर बघू. आधी सिद्धांत.”

बुडणाऱ्या माणसाला काही सुचत नाही. खुशालराव केबिनमध्ये चढले आणि नाकाडीचं तोंड पूर्वेकडच्या शेताच्या बांधाकडे वळवू लागले. तेवढ्यात पार्बताबाई नवरदेवाचा हार पदरात धरून मागून खाली उतरल्या. हलत्या ट्रकात गाठ होत नव्हती, आणि झाडाखाली गोखरूचे काटे पसरले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. नाकाडी थांबली तशा त्या पुढे गेल्या, तिच्या नाकावरचं पोतं ओढून काढलं, दोनदा झटकलं, घडी केली आणि त्यावर बसून हार मांडीवर घेतला.

पोतं कधीच वाळून खडखडीत झालं होतं.

दोन मिनिटं गेली. मग बोनेटखाली ‘टक्’ असा आवाज झाला.

“चालू झाला!” खुशालराव आतून ओरडले. “थंड येऊन राहिली! साहेब, थंड येऊन राहिली!”

ओमप्रकाशांनी होकायंत्राचं झाकण सावकाश लावलं. शेखरकडे न बघताच म्हणाले, “लिही.”

शेखरने लिहिलं. साडभाऊ बरोबर निघाले तर उर्वरित आयुष्य कसं काढायचं, हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच पडला होता.

“चाला आता,” खुशालराव म्हणाले. “पण अकोला तं दक्षिणेले हाय.”

“उलटं चालवा,” ओमप्रकाश म्हणाले. “पस्तीस किलोमीटरच आहेत.”

खुशालराव क्षणभर खरंच विचार करत होते. मग त्यांनी नाकाडी जपून पुन्हा अकोल्याकडे वळवली. कंप्रेसर चालूच राहिला. ओमप्रकाशांनी होकायंत्र दोनदा हलवून पाहिलं.

“काकू, उठा,” खुशालरावांनी पार्बताबाईंना हाक मारली. “पोतं द्या. भिजवून लावतो अन् निघू.”

“थांब रे, एक गाठ राहिली.”

“काकू, उशीर होऊन राहिला.”

त्या कुरकुरत उठल्या. खुशालरावांनी पोतं घाईत भिजवलं, नाकावर बांधलं, आणि सगळे चढले. चार किलोमीटर. पाच. पत्र्यावर पुन्हा तीन थापा पडल्या.

या वेळी झाडही नव्हतं. पार्बताबाई उतरल्या, सरळ नाकाशी गेल्या. पोत्याला हात लावला. वाळलं होतं.

“खुशाल्या, इकडं ये.”

खुशालराव आले.

“हे काहून बांधतं तू इच्या तोंडाले?”

“थंड राहावं म्हणून ना काकू. नवीन कंप्रेसर होता, उन्हात तापीन म्हणून. आपण टोपल्याले लावतो तसं.”

“टोपली श्वास घेते का?” पार्बताबाईंनी पोतं ओढून काढलं. “अन् हे आत जाळी हाय ते कायची हाय? मघा मी काढलं अन् हे चालू झालं. तू बांधलं अन् हे बंद पडलं. येवढ्या उन्हात माझ्या तोंडावर कोणी गोधडी बांधली तं मी तरी चालीन का?”

‘टक्’. कंप्रेसर सुरू झाला.

शेखरने सागरला फोन लावला आणि मोठा आवाज केला. सागरने सगळं ऐकून घेतलं. मग पलीकडून बराच वेळ नुसतं बडीशेप चघळणं ऐकू आलं.

“पोतं,” शेवटी तो म्हणाला. “बाबा, नाकात जे जाळी हाय ना, ते आतली गरमी बाहेर फेकते. तिले हवा लागते. ओलं पोतं या भर दुपारच्या उन्हात दहा मिनिटांत वाळते, मंग ते बूच होते. दाब चढणार नाही तं काय होईन! पण मले कधी दिसलं काहून नाही पोतं?”

“शहरात शिरताना काढून सीटखाली ठेवतो,” खुशालराव हळू आवाजात म्हणाले. “लग्नाच्या दारात पोतं घालून कसं जावावं?”

“अन् येताना?”

“येताना ऊन नसते. फुलंही नसतात. लावतच नाही.”

सागरने फोन ठेवला. खुशालराव रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. पोतं त्यांच्या हातात होतं.

“म्हणजे मीच मारले,” ते म्हणाले. “दोन्ही. मार्चातला पयला गेला म्हणून पुढच्याईले जपत होतो मी. मीच मारले.”

“मारले नाही रे,” पार्बताबाई म्हणाल्या. “लाड केले. चाल, ऊठ. माझा हार सुकून राहिला.”

ओमप्रकाशांना दर्यापूरचे दोन लोटे आठवले असावेत, कारण ते एकदम वऱ्हाडीत बोलू लागले. “मले वाटलंच होतं,” ते शेखरला म्हणाले. “पण पुरावा पायजे होता ना.”

अकोल्याला पोचायला अडीच वाजले. मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापक इंदूबाई दारातच उभ्या होत्या. मागच्या मेथीच्या जुडीची त्यांना चांगली आठवण होती. त्यांच्यामागे, भिंतीला टेकून, शिवम. इंदूबाईंनी पहिली टोपली उघडली. आत हात घालून एक कळी चिमटीत धरली, दाबली, नाकाशी नेली. मग दुसऱ्या टोपलीची. मग हार उचलून उजेडात धरला.

“बर्फातून आणला का?” त्या म्हणाल्या, आणि पोरांना हाक मारून टोपल्या आत न्यायला लावल्या. “पुढच्या दोन लग्नांचं जाताना बोलून जा खुशालराव.”

शिवम टोपल्यांकडे बघत नव्हता. बापाकडे बघत होता. खुशालराव केबिनमधून स्वतःच्या पायांनी उतरले होते, डोक्याचा दुपट्टा कोरडा होता आणि वच्छलाबाईंची बाटली रिकामी होती. शिवमने फोन काढून तिथेच ढाबेवाल्याला लावला.

“काका, उद्या क्रेन नका आणू,” तो म्हणाला. पलीकडचा काहीतरी बोलला. “नाही, दुसरं गिऱ्हाईक नाही. गाडी चालून राहिली अजून.”

खुशालरावांनी पाठ फिरवून नाकाडीचं दार उघडलं आणि बंद केलं. पुन्हा उघडलं आणि बंद केलं. त्याला काही झालेलं नव्हतं.

ऊन कलल्यावर परत निघायची वेळ झाली. ओमप्रकाश मंगल कार्यालयाच्या आचाऱ्याला एका अत्यंत गुंतागुंतीच्या प्रकरणाची हकीकत सांगत होते. त्यात एक होकायंत्र आणि एक आमदार होता. शिवमने त्यांना मोटारसायकलवर मागे घेतलं. “साहेब पुढं चालून रस्ता मोकळा करून राहिले,” तो शेखरला म्हणाला आणि डोळा मिचकावला.

केबिनमध्ये आता टोपल्या नव्हत्या. खुशालरावांनी फळ्या काढल्या, सीट हाताने झटकली आणि पार्बताबाईंना हात धरून वर चढवलं. पाच उन्हाळे ही बाई मागे ताडपत्रीखाली बसून आली होती. शेखर खिडकीकडे बसला. खुशालरावांनी गार वाऱ्याची झडप थेट पार्बताबाईंच्या तोंडावर वळवली आणि अभिमानाने त्यांच्याकडे पाहिलं.

पार्बताबाई ताठ बसल्या होत्या. एक किलोमीटर. दोन. त्यांनी पदर खांद्यावरून घेतला. मग कानावरून घेतला. मग दोन्ही हात काखेत घातले.

“काकू, कसं वाटून राहिलं?”

“खुशाल्या,” पार्बताबाई म्हणाल्या, “हे बंद कर बापा. हाडं वाजून राहिले माझे.”

खुशालरावांनी हात पुढे करून बटण फिरवलं आणि खिडकीची काच खाली केली. बोनेटखाली ‘टक्’ झालं. या उन्हाळ्यात कंप्रेसर पहिल्यांदाच कोणी बंद केला म्हणून बंद पडला होता.